खेळ तुम्हाला ओळखतो का?

मार्च २०१२ मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरात, बायोवेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या दारात सुमारे ४०० कपकेक येऊन पडले. काहींवर लाल आयसिंग होते, काहींवर निळे, काहींवर हिरवे. आतला केक मात्र सगळ्यांचा एकच, व्हॅनिलाच्या चवीचा. ते पाठवले होते ‘मास इफेक्ट ३’ या गेमच्या चाहत्यांनी, आणि त्यामागचा निरोप कंपनीतल्या प्रत्येकाला कळला होता: तीन भागांच्या प्रवासानंतर तुम्ही आमच्यासमोर शेवटाचे तीन रंग ठेवलेत, पण चव एकच ठेवलीत. कंपनीने ते केक शहरातल्या तरुणांच्या एका निवाऱ्याला देऊन टाकले. त्याच दिवसांत या चाहत्यांनी नाराजी नोंदवण्यासाठी ‘चाइल्ड्स प्ले’ या, आजारी मुलांपर्यंत खेळणी पोहोचवणाऱ्या संस्थेसाठी ८० हजार डॉलरहून जास्त रक्कम गोळा केली. एका खेळाच्या शेवटासाठी एवढा खटाटोप कशाला, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर शेवटाआधी सुरुवातीकडे पाहावे लागते, कारण रोल-प्लेइंग गेमच्या पुढच्या भागात पहिला तास आणि शेवटचा तास यांची परीक्षा एकच असते. मी कोण, मी आजवर काय केले, हे या खेळाला ठाऊक आहे का?

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे ज्यात खेळाडू एक पात्र अंगावर घेतो आणि त्याच्या वतीने निर्णय करतो, हा प्रकार संगणकावर जन्मलेला नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हा तो कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ होता. टेबलाभोवती चारपाच जण बसायचे आणि त्यांच्यातला एक सूत्रधार व्हायचा. जग त्याने रचायचे, बाकीच्यांनी त्यात वावरायचे. या खेळाची खरी ताकद फाशांत नव्हती, सूत्रधाराच्या स्मरणशक्तीत होती. मागच्या बैठकीत तुम्ही ज्या धर्मशाळेच्या मालकाला फसवले, तो या बैठकीत तुम्हाला दार उघडत नाही. ज्या सैनिकाला जीवदान दिले, तो अडचणीच्या वेळी अचानक उभा राहतो. केलेले कुठे जात नाही, ही जाणीव हाच या खेळाचा आनंद. संगणकाने सूत्रधाराची जागा घेतली तेव्हा ही आठवण यंत्राच्या भाषेत मांडावी लागली. खेळाडूने केलेला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय एका खुणेच्या रूपाने सेव्ह फाइलमध्ये नोंदला जातो: अमुक जिवंत की मेलेला, तमुक गाव वाचवले की जाळले. पुढे एखादा संवाद किंवा प्रसंग सुरू होताना यंत्र ती खूण तपासते आणि त्याप्रमाणे वागते.

एकाच खेळात हे सोपे आहे. पुढचा भाग काढायचा ठरला की अडचण सुरू होते. पहिल्या खेळाचे चार शेवट असतील आणि चार जणांनी ते चार वेगवेगळे पाहिले असतील, तर दुसरा खेळ यांपैकी कोणत्या जगात सुरू व्हायचा? कादंबरीकारापुढे किंवा नाटककारापुढे हा प्रश्न कधी उभा राहत नाही. ‘एकच प्याला’ नाटकात सिंधू वाचत नाही, आणि प्रेक्षकाने कितीही डोळे पुसले तरी सुधाकरच्या हातातला प्याला काढून घेण्याची सोय त्याला नाही. गेममध्ये ती सोय असते. म्हणूनच पुढच्या भागाचा लेखक पहिल्या तासातच काहीतरी ठरवून टाकतो, आणि त्याने काय ठरवले त्यावर खेळाडूचे पहिले मत बनते. चित्रे किती देखणी आहेत, तलवार किती सफाईने फिरते, हे डोळ्यांना आधी दिसते खरे. पण जुना खेळाडू पहिल्या तासात नकळत एक गोष्ट शोधत असतो: आपल्या मागच्या आयुष्याची एखादी खूण.

लेखकांनी या पेचातून काढलेल्या वाटा पाहण्यासारख्या आहेत. ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या ‘डॅगरफॉल’ला (१९९६) एकमेकांना छेद देणारे अनेक शेवट होते. पुढच्या भागांनी त्यांतला एकही खोटा ठरवला नाही. त्या प्रदेशात काळच मोडला आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले, अशी कथा त्यांनी रचली. जपानी दिग्दर्शक योको तारो यांनी याच्या नेमके उलट केले. त्यांच्या ‘ड्रॅकेनगार्ड’च्या (२००३) पाच शेवटांपैकी सगळ्यात विक्षिप्त शेवटात नायक आणि त्याचा ड्रॅगन आपल्या जगातून थेट आधुनिक टोकियोच्या आकाशात येतात आणि लढाऊ विमाने त्यांना पाडतात. त्याच शेवटातून ‘निअर’ (२०१०) या खेळाचे अख्खे जग उगवले. ‘स्टार वॉर्स’च्या जगातला ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ (२००४) सुरुवातीलाच एका कैद्याशी गप्पा घडवतो. पहिल्या भागाचा नायक रेव्हान याचा विषय निघतो, आणि रेव्हान पुरुष होता की स्त्री, उजेडाच्या बाजूला वळला की अंधाराच्या, हे खेळाडूच्या उत्तरांवरून ठरते. विचारपूस अशी की आपण काही भरून देत आहोत हे कळतही नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ‘द विचर ३’मध्ये (२०१५) हीच युक्ती आणखी देखणी केली. सम्राटासमोर उभे करण्याआधी नायक गेराल्टची दाढी केली जाते, आणि त्या खुर्चीत बसलेल्या गेराल्टला एक सेनापती मागच्या भागातल्या घटनांबद्दल विचारतो. दाढी होते तोवर मागचा इतिहासही नोंदला गेलेला असतो. पहिल्या काही तासांतला हा एक प्रसंग खेळाडूचा विश्वास कमावतो.

आता ‘मास इफेक्ट’. २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत सांगितलेली ही अवकाशकथा. नायक कमांडर शेपर्ड, स्त्री किंवा पुरुष, चेहरा खेळाडूने घडवलेला. दर ५० हजार वर्षांनी येऊन प्रगत संस्कृती पुसून टाकणाऱ्या रीपर नावाच्या महायंत्रांशी त्याला लढायचे आहे. मालिकेचा शब्द असा होता की पहिल्या भागाची सेव्ह फाइल दुसऱ्यात न्या, दुसऱ्याची तिसऱ्यात न्या, तुमचे निर्णय तुमच्याबरोबर येतील. आणि ते खरोखर आले. पहिल्या भागात व्हर्मायर या ग्रहावर अ‍ॅश्ली आणि केडन या दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते. ज्याला मागे सोडले तो पुढच्या दोन्ही भागांत नसतो, आणि वाचलेला ते विसरत नाही. दुसऱ्या भागाच्या अखेरच्या मोहिमेत तयारी कमी पडली तर साथीदार एकेक करून मरतात, आणि तिसऱ्या भागात त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. इतक्या लांबवर हिशेब ठेवणारी मालिका तोवर मोठ्या प्रमाणावर कोणी केली नव्हती.

तिसऱ्या भागाच्या पहिल्या पडद्यावरच मात्र एक ठेच लागली. पहिल्या भागापासून ज्यांनी आपला शेपर्ड जपून आणला होता, त्यांतल्या अनेकांचा चेहरा नव्या खेळाला वाचताच येईना. निर्णय येत होते, चेहरा येत नव्हता. तांत्रिक चूक होती आणि काही आठवड्यांत सुधारली गेली. परीक्षकांच्या लेखी ती किरकोळ, कारण बाकीची सुरुवात जबरदस्त आहे: व्हँकुव्हरवर हल्ला, कोसळती शहरे, डोळ्यांसमोर मरणारे एक मूल. पण माझ्या मते पहिल्या अनुभवाची खरी बातमी या चेहऱ्यात होती. पाच वर्षांच्या ओळखीचा माणूस दार उघडतो आणि विचारतो, आपण कोण? तेव्हा नाराज झालेल्या खेळाडूंना हट्टी म्हणणे सोपे होते. त्यांनी ज्यावर बोट ठेवले होते, तेच दुखणे महिनाभरात कितीतरी मोठे होऊन समोर आले.

त्याआधी खेळाच्या मधल्या भागाला पूर्ण श्रेय द्यायला हवे, कारण तो अप्रतिम आहे. तुचांका ग्रहावर क्रोगन या जमातीवर लादलेला वंध्यत्वाचा शाप दूर करायचा असतो. तो खरेच दूर करायचा की त्यावरचा उपाय गुपचूप निकामी करायचा, हे खेळाडू ठरवतो, पण क्रोगनांचा नेता त्या वेळी कोण आहे हे पहिल्या भागातल्या एका भांडणाचे फळ असते. रेक्स हा जुना मित्र जिवंत असेल आणि शेपर्डने त्याला फसवले, तर रेक्सला ते कळते आणि तो जाब विचारायला येतो. रानोक ग्रहावर क्वारियन आणि त्यांनीच बनवलेली गेथ ही यंत्रजमात आमनेसामने उभे ठाकतात. दोघांत समेट घडवता येतो, पण त्यासाठी मागच्या खेळातल्या अनेक गोष्टी नीट केलेल्या असाव्या लागतात. नसतील तर एका जमातीचा नाश डोळ्यांदेखत पाहावा लागतो. रानोकवरची ती काही मिनिटे म्हणजे या कलाप्रकाराला काय करता येते याचा उत्तम दाखला. कोणत्याही कादंबरीत किंवा सिनेमात ही वेदना अशी येत नाही, कारण तिथे ‘हे तू दोन वर्षांपूर्वी केलेस’ असे प्रेक्षकाला म्हणता येत नाही.

आणि मग शेवट. आधी कधी न दिसलेले, मुलाच्या रूपातले एक यंत्रमन शेपर्डला भेटते. निर्मिलेली यंत्रे निर्मात्यांवर उलटतातच, म्हणून हे संहाराचे चक्र, असे ते सांगते आणि तीन वाटा दाखवते: रीपर नष्ट करा, त्यांच्यावर ताबा मिळवा, किंवा सजीव आणि यंत्र यांचा संकर करा. स्फोटाचा रंग लाल, निळा किंवा हिरवा. त्यापुढची दृश्ये जवळपास सारखी. रानोकवर ज्याने यंत्रे आणि निर्माते यांच्यात मैत्री घडवून आणली, त्यालाही हेच ऐकवले जाते की असे कधी होऊ शकत नाही, आणि उलट उत्तर देण्याची सोय त्याला नसते. केलेल्या कामांची बेरीज एका लष्करी आकड्यात होत होती, आणि मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळायचा भाग, न खेळणाऱ्याच्या तयारीचा दर ५० टक्केच धरला जाई. माणसे, शपथा, मृत्यू यांचा शेवटी एक आकडा झाला. दिग्दर्शक केसी हडसन यांनी खेळ येण्यापूर्वी मुलाखतीत सांगितले होते की शेवट अ, ब, क यांतून एक निवडण्यासारखा नसेल. तो नेमका तसाच निघाला. शेपर्ड मरतो हा आक्षेप नव्हता. ज्या स्मृतीवर सगळा डोलारा उभा होता, ती शेवटच्या दहा मिनिटांत पुसली गेली, हा होता.

यावर पहिला आक्षेप लेखकाच्या हक्काचा. कथा ज्याची त्याची. वाचकांनी ओरड केली म्हणून शेवट बदलायचा का? हा प्रश्न जुना आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले तेव्हा वाचक संतापले, आणि १९०३ मध्ये होम्स परत आला. डॉईल यांना होम्सला मारण्याचा पूर्ण अधिकार होता, असे मी मानतो. पण होम्सच्या वाचकाला डॉईल यांनी कधी ‘तू ठरव’ असे म्हटले नव्हते. बायोवेअरने म्हटले होते, तीन खेळभर, शेकडो वेळा. ज्याने सहलेखक म्हणून बोलावले त्याने अखेरच्या पानावर पाहुण्याच्या हातातले पेन काढून घेतले, तर पाहुण्याची तक्रार लेखकाच्या स्वातंत्र्यावरचा हल्ला ठरत नाही. दुःखद शेवट, पराभव, मृत्यू, सगळे लेखकाने लिहावे. पण त्यात खेळाडूच्या कृत्यांचे पडसाद असावेत, एवढी मागणी खेळाच्या स्वतःच्या नियमांतूनच येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो गेम बनवणाऱ्यांकडून येतो. गणित त्यांच्या बाजूला आहे. हो किंवा नाही अशा १० निर्णयांतून १,०२४ वेगवेगळी जगे तयार होतात, आणि २० निर्णयांतून १० लाख ४८ हजार ५७६. प्रत्येक जगासाठी वेगळा शेवट, वेगळा अभिनय, वेगळे चित्रण कोणाला परवडेल? कोणालाच नाही. ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’ (२०२४) मागच्या भागातले फक्त तीन निर्णय विचारतो, यामागे हेच ओझे असावे. पण आठवण ठेवणे आणि फाटे फोडणे यांत फरक आहे, आणि या आक्षेपात तो निसटतो. ‘फॉलआउट’ने (१९९७) हे फार स्वस्तात करून दाखवले. मुख्य कथा संपल्यावर एकेका गावाचे स्थिर चित्र येते आणि एक आवाज दोनचार वाक्यांत सांगतो की तुमच्यानंतर त्या गावाचे काय झाले. चार चित्रे, चार परिच्छेद. पण ज्या गावाला तुम्ही पाणी दिले किंवा वाऱ्यावर सोडले, ते गाव शेवटी हजर होते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फॉलआउट २’मध्ये पहिल्या भागातले शेडी सँड्स हे मातीच्या घरांचे खेडे एका प्रजासत्ताकाची राजधानी झालेले दिसते. त्यासाठी कोट्यवधींचे चित्रण लागले नाही, काय आठवायचे हे ठरवावे लागले.

शेवटांची संख्या मोजून खेळाची किंमत करण्याची सवय याच गैरसमजातून आली. बेल्जियमच्या लॅरियनचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. शेवटाचे १७ हजार प्रकार संभवतात असे कंपनीने आधी सांगितले होते. पूर्ण खेळ येण्याआधी, ऑक्टोबर २०२० पासून जवळपास तीन वर्षे लोकांनी त्याचा फक्त पहिला अंक खेळला होता, आणि त्या पहिल्या मतानेच खेळाचे नाव झाले. ते मत चुकीचे नव्हते. खेळ थोर आहे. तरीही शेवटाला पोहोचलेल्या अनेकांना चुटपूट लागली: इतके दिवस सोबत चाललेल्या माणसांचा निरोप नीट झालाच नाही. १७ हजार प्रकारांतून हरवला होता तो एक साधा निरोप. लॅरियनने नोव्हेंबर २०२३ अखेर एक उपसंहार जोडला: सहा महिन्यांनंतर शेकोटीभोवती सगळे पुन्हा जमतात, आणि ज्याच्याशी जसे वागलात तसा तो बोलतो. जगाच्या नशिबात काही फरक पडला नाही. लोकांना हवे होते तेवढे मिळाले.

उलट टोकाचे उदाहरण ‘निअर: ऑटोमाटा’चे (२०१७). त्याला ए ते झेड असे २६ शेवट आहेत, पण त्यांतले बरेचसे गमतीचे. एक तर निषिद्ध मासा खाल्ला की येतो. म्हणून २६ या आकड्याला काही अर्थ नाही. पहिल्या शेवटाला श्रेयनामावली सरकते आणि खेळ संपला असे वाटते, तर प्रकाशकाच्या वतीने एक निरोप झळकतो की पुढे खेळा. तिथे थांबलेल्याचे मत म्हणजे पहिला अंक पाहून नाटकावर दिलेला निकाल. अखेरच्या खऱ्या शेवटात श्रेयनामावलीतली नावेच गोळ्या झाडू लागतात. एकट्याला ती लढाई जिंकणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग जगभरच्या अनोळखी खेळाडूंची मदत येते. ज्यांनी मदत केली त्यांनी आपल्या सगळ्या सेव्ह फाइल कायमच्या पुसून टाकल्या होत्या. मग तुम्हालाही विचारले जाते: तुम्ही कोणासाठी तसे कराल का? मुख्य कथेत या खेळाने फारसे निर्णय खेळाडूकडे दिलेले नव्हते. पण शेवटी त्याने खेळाडूच्या कष्टांची नोंद समोर ठेवली, तिचे मोल मान्य केले आणि मगच ती मागितली. स्मृतीचा याहून मोठा सन्मान मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसत नाही.

एक आक्षेप ‘मास इफेक्ट ३’च्या कैवाऱ्यांचा आहे आणि तो अर्धा खरा आहे: त्या खेळाचा शेवट म्हणजे ती दहा मिनिटे नव्हेत, अख्खा तिसरा भागच शेवट आहे, तुचांका आणि रानोक हेच खरे निकाल. मान्य. पण ज्याने तीस तास हिशेब चोख ठेवला, त्याने शेवटच्या पानावर बेरीज न मांडता वही मिटली, तर चूक जास्त बोचते. कंपनीलाही ते पटले असावे. २६ जून २०१२ रोजी तिने शेवटाची वाढीव आवृत्ती मोफत दिली. तीन वाटा तशाच राहिल्या, चौथी नकाराची जोडली गेली, आणि मुख्य म्हणजे ज्यांना वाचवले त्या जमातींचे आणि साथीदारांचे पुढे काय झाले ती चित्रे आली. ‘फॉलआउट’ने पंधरा वर्षांपूर्वी दाखवलेलीच वाट ती. राग पूर्ण गेला नाही, पण बराच ओसरला.

तेव्हा एखाद्या रोल-प्लेइंग गेमचा पुढचा भाग हाती आला तर पहिल्या दहा तासांवरून त्याच्या चालीबद्दल, चित्रांबद्दल, संवादांबद्दल खुशाल मत द्यावे. कथेबद्दलचा निकाल मात्र राखून ठेवावा, आणि तोवर एकाच गोष्टीकडे बारीक लक्ष द्यावे: तुमच्या कृत्यांची नोंद खेळ कुठे घेतो, कुठे टाळतो. पहिल्या तासात जे टाळले जाते ते शेवटच्या तासात बहुधा टाळले जातेच. आणि ज्यांना शेपर्डची कथा आता पहिल्यांदा खेळायची आहे, त्यांना सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. मे २०२१ मध्ये तिन्ही भाग ‘लेजंडरी एडिशन’ या नावाने एकत्र आले, तेव्हा त्यात वाढीव शेवट मूळचाच म्हणून धरला गेला आणि मल्टिप्लेअर वगळले गेले. शेवटच्या लढाईची तयारी आता एकट्याने खेळलेल्या कामांवरून मोजली जाते, आणि पहिल्या दोन भागांत केलेली कामे त्यात जमा होतात.